रविवारच्या पाळीबद्दल

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

काल फोनवर म्हणालास, रविवारची पाळी मागून घेतली, जादा पैसे मिळतात, फ्लॅटचं कर्ज लवकर फिटेल. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. रात्री डोळा लागला नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कमवू नकोस असं मी कधी म्हणणार नाही. नगरहून दुबईला गेलास, कुणाची ओळख नसताना उभा राहिलास, ताईच्या लग्नाचं सगळं तूच उचललंस. चर्चच्या मंडळीत कुणी तुझं विचारलं की माझी मान ताठ होते. पण रविवार कशाला दिलास रे?

मागे तू मला बायबलातला मत्तयाचा सहावा अध्याय दाखवलास. पहिल्याने देवाचं राज्य मिळवा म्हणजे बाकीचं मिळेल; देवालाच आपली भरभराट हवी आहे, असं तिकडच्या कुणा भावाने तुला सांगितलं होतं. त्याच्या आधीच्या ओळी पुन्हा वाच. काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं, एवढीच तिथे काळजी आहे. देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही, हेही त्याच अध्यायात आहे. आणि लूकच्या बाराव्या अध्यायातला तो शेतकरी आठव. त्याने चोरी केली नव्हती. पीक भरघोस आलं, मोठी कोठारं बांधायची ठरवली, एवढंच. पण तो सगळं बोलतो ते स्वतःशीच. त्याच्या बेतात देव नाही, शेजारी नाही. मला तुझ्याबद्दल तीच भीती वाटते.

शिकवायलाच बसले बघ. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, सवय जात नाही. राग मानू नकोस.

1972 च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला जायचे. घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी, आम्हा पोरांना सुकडी. मजुरी हातात आली की आधी दानाचं नाणं फडक्यात बांधायचे. आजी भांडायची, पोरांच्या तोंडचा घास काढता म्हणायची. तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण रविवारी हाताच्या फोडांना तेल लावून, धुतलेला सदरा घालून ते पुढच्या बाकावर बसायचे, तेव्हा ते कुणाचे मजूर वाटायचे नाहीत. आठवड्यात तेवढाच वेळ.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तर ते नेहमी सांगायचे. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला, आणि 1919 मध्ये गेलेच. आजोबांचे डोळे भरून यायचे. मला मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईच आठवतात. घर त्यांना चालवायचं होतं. म्हणून नोकरी सोड असं मी म्हणत नाही. कर्जही फेड. फक्त तो एक दिवस.

पप्पा आजारी होते तेव्हा रोज संध्याकाळी मंडळीतलं कुणी ना कुणी येऊन प्रार्थना करून जायचं. शेवटच्या रात्री पाळकसाहेब पहाटेपर्यंत बसले होते. त्यांना आपण काय दिलं होतं? वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत उपासनेला बसलो होतो, इतकंच. तिकडे तू तापाने पडलास तर दार कोण ठोठावणार आहे? हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण आलंच हातून.

मावशीचा मोठा म्हणाला, ओद मेथाला होली ट्रिनिटी चर्च आहे, मेट्रोने जाता येतं, आपल्याकडच्या बऱ्याच भाषांच्या मंडळ्या तिथे जमतात. कोणत्या वारी कोणती उपासना असते ते विचारून घे. सायबाने पाळी बदलून दिली नाही तर दुसऱ्या वारी जा, पण जा.

या महिन्यात पैसे पाठवू नकोस. पेन्शनमध्ये माझं भागतं. पाळीचं काय झालं ते मात्र कळव.

तुझी,
आई