‘पूर्ण कार्बन’ म्हणून विकलेल्या नळ्यांत काच निघाल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉडेल रॉकेटसाठी घेतलेल्या दोन कार्बन फायबर नळ्या वर्णनाप्रमाणे नसल्याबद्दल, पैसे परत मिळण्याबद्दल आणि वर्णन दुरुस्त करण्याबद्दल

महोदय,

फेब्रुवारीत मी आपल्याकडून दोन नळ्या मागवल्या होत्या. प्रत्येकीची लांबी १ मीटर, आतला व्यास ७५ मिमी, भिंतीची जाडी १.५ मिमी. विक्रीच्या पानावर आपण ‘१०० टक्के कार्बन फायबर, वजन ५४० ग्रॅम’ असे छापले आहे. दोन्हींचे मिळून १९,६०० रुपये मी आगाऊ भरले. पावती सोबत जोडली आहे.

या नळ्यांत कार्बनचा एकच थर आहे, सगळ्यात बाहेरचा. आतली सगळी भिंत काचेच्या धाग्यांच्या कापडाची (फायबरग्लासची) आहे आणि ती ओळखू येऊ नये इतके काळे रेझिन, म्हणजे कापडाचे थर चिकटवून कडक करणारा द्रव, तिच्यात मुरवले आहे. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. वजन करून, कापून आणि शेवटी भट्टीत जाळून पाहिल्यावर लिहिते आहे.

आमचे घर विणकरांचे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत अभियांत्रिकीच्या पाच मुली स्पर्धेसाठी रॉकेट बांधतात. त्यांतली एक माझी पुतणी. आकडेमोड त्यांची, पैसे सगळ्यांनी मिळून जमवलेले आणि कापड कापणे, रेझिन चढवणे हे काम माझ्याकडे, कारण कापडाला हात कसा लावायचा ते मला लहानपणापासून येते. एकीची आई विड्या वळते. तिनेही यात पैसे घातले आहेत, म्हणून १९,६०० ही रक्कम आमच्यासाठी काय आहे हे आपल्याला कळावे.

मुलींचे पहिले रॉकेट काचेच्या नळीचे होते. ते नीट उडाले, नीट उतरले. या वेळी त्यांना हलके रॉकेट हवे होते. मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारे इंजिन, आम्ही बनवत नाही आणि बनवणारही नाही. ती स्पर्धेचे आयोजक देतात, परवानगी काढलेल्या मैदानावर तेच बसवतात आणि तेच पेटवतात. यंदा ‘जे’ (J) वर्गातली मोटर होती, म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ) ६४० ते १२८० न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान. सगळ्या संघांना तीच. मोटर बदलता येत नसेल तर उंची वाढवायला हातात उरते ते फक्त वजन, आणि म्हणूनच आम्ही काचेच्या नळीपेक्षा जवळजवळ तिप्पट किंमत मोजून कार्बन घेतला.

कार्बनसाठी आम्ही दुसरी किंमतही मोजली. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे रेडिओ लहरी त्याच्या आरपार जात नाहीत. रॉकेट पडले कुठे हे सांगणारा जीपीएस ट्रान्समीटर नळीत ठेवला तर तो मुका होतो. म्हणून मुलींनी आधीची मांडणी मोडली, सगळी इलेक्ट्रॉनिक्स रॉकेटच्या टोकाला, काचेच्या नाकाडात हलवली, वायरिंग नव्याने केले. यात तीन आठवडे गेले. आपल्या नळीचा बाहेरचा थर कार्बनचाच असल्यामुळे लहरी अडवण्याचे काम ती चोख करते. कार्बनचा तोटा पूर्ण आमच्या पदरात पडला आणि ज्या हलकेपणासाठी तो पत्करला, तो मिळालाच नाही.

नळ्या आल्या त्याच दिवशी वजनकाट्यावर ठेवल्या. एक ६५५ ग्रॅम, दुसरी ६५७. मी लगेच आपल्याला फोन केला. पलीकडून उत्तर मिळाले, “ताई, हाताने बनवलेला माल आहे, रेझिन थोडे जास्त बसते, वजनात फरक पडतोच.” मापानुसार कापलेला माल परत घेत नाही, हेही सांगितले गेले. स्पर्धेची तारीख ठरलेली होती. मी गप्प बसले. तेव्हा मला आता कळते ते कळायला हवे होते, म्हणून ते इथे नीट मांडते.

रेझिन जास्त बसल्याने ही नळी जड होऊच शकत नाही. व्हर्नियरने मी भिंत बारा ठिकाणी मोजली, सगळीकडे १.५ मिमीच्या आसपासच भरली. म्हणजे आकारमान आपण छापले तेवढेच आहे. आता एक घन सेंटिमीटर कार्बन धाग्याचे वजन सुमारे १.८ ग्रॅम आणि एक घन सेंटिमीटर इपॉक्सी रेझिनचे सुमारे १.२ ग्रॅम. तेवढ्याच जाडीत धागा कमी आणि रेझिन जास्त असते, तर नळी ५४० पेक्षा हलकी निघाली असती. ती ११५ ग्रॅमने जड निघायला आत कार्बनपेक्षा जड काहीतरी हवे. काचेचा धागा घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम भरतो. फोनवर मला जे कारण दिले गेले त्याने वजन उतरते, चढत नाही. ते सांगणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर आपण त्याला शिकवावे, आणि ठाऊक असेल तर त्याने मला खोटे सांगितले.

एप्रिलमध्ये पंख बसवले. सोलापूरचा एप्रिल आपल्याला माहीत असेल. रेझिनच्या डब्यावर पॉट लाइफ, म्हणजे कालवल्यावर ते वापरण्याजोगे राहण्याची वेळ, अर्धा तास लिहिलेली असते ती २५ अंशांसाठी. आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी वाटीतले रेझिन दहा मिनिटांत तापून घट्ट होत होते. शेवटी पहाटे तीनला उठून काम केले. एका पंखाच्या टोकापासून नळीवरून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत कार्बन कापडाची एक सलग घडी, अशा तीन घड्या, एकीतही बुडबुडा नाही. या पाच मुलींनी इतकी सुबक बसवण केली की मागावर काम केलेल्या माणसानेही मान डोलवावी. नळी कापताना भुसा राखाडी पडला होता. कार्बनचा भुसा काजळीसारखा काळा असतो. ते माझ्या डोळ्यांना दिसले होते, पण मी पुढे विचार केला नाही, ही चूक मी माझ्याकडे घेते.

रॉकेट पूर्ण झाल्यावर काट्यावर चढवले. हिशेबात मोटरसकट ५.४ किलो होते, भरले ५.६२ किलोच्या पुढे. जोर वजनाच्या किमान पाचपट हवा असा मैदानावरचा नियम आहे. मोटरचा सरासरी जोर २७५ न्यूटन. ५.४ किलोला तो ५.२ पट होता, आता ४.९८ पट झाला. हा नियम नुसता कागदावरचा नाही. रॉकेट रेल (उड्डाणाच्या वेळी त्याला सरळ धरणारा उभा रूळ) सोडते त्या क्षणी पंखांवरून पुरेशी वेगवान हवा वाहत असेल तरच ते सरळ राहते. वेग कमी पडला तर वारा त्याचे तोंड फिरवतो, आणि पाच किलोची वस्तू आडवी सुटते. मुलींनी सूट मागायचा विचारही केला नाही. नळीला लावलेला छोटा कॅमेरा, त्याची बॅटरी आणि खोळ काढून टाकली, तेव्हा कुठे गुणोत्तर पाचाच्या वर, ५.०४ वर आले.

त्या कॅमेऱ्याबद्दल आणखी चार ओळी लिहिते, कारण माझ्या मते खरे नुकसान ते आहे. वरून जमीन कशी दिसते हे मुलींना स्वतःच्या रॉकेटमधून पाहायचे होते. वर्षभर त्यांचे बोलणे तेच. घरच्यांना दाखवायचे, शाळेत दाखवायचे. कॅमेरा काढताना त्यांतली एकही काही बोलली नाही. स्क्रू एका डबीत ठेवून डबी बंद केली.

उड्डाण चांगले झाले. रेलवरून सरळ गेले, शिखरावर छोटे पॅराशूट उघडले, २०० मीटरवर मोठे. उचलायला गेलो तेव्हा उंची मोजणारा अल्टिमीटर उंचीचा एकेक अंक ठोक्यांनी सांगत होता. नऊ, मग एक, मग चार. ९१४ मीटर. ठरल्या वजनाला ओपनरॉकेट या संगणक प्रोग्रामचा अंदाज ९६० मीटरचा होता. या ४६ मीटरांत वाऱ्याचाही वाटा असेल, मोटरचाही असेल. सगळे आपल्या माथी मारत नाही.

उतरताना नळीची खालची कड एका दगडावर आपटली आणि बोटभर काळा पापुद्रा सुटला. त्याच्याखाली धागे चकाकत होते. कारखान्यात रीड-पीक, म्हणजे कापडातले ताण्या-बाण्याचे धागे, मोजायचे भिंग असते, ते लावून पाहिले. बाहेरचे कापड दोन-दोन धाग्यांचे ट्विल (तिरक्या विणीचे), आतले साध्या विणीचे. ताण्याचा धागा वेगळा, बाण्याचाही वेगळा. एकाच नळीत दोन जातींची कापडे होती.

मग मल्टिमीटर घेतला. बाहेरची बाजू पॉलिश पेपरने घासून टोके लावली, काही ओहम आले, म्हणजे वीज वाहत होती. आतली बाजू तशीच घासली, काहीच आले नाही; काचेतून वीज वाहत नाही. चार ठिकाणी, दोन्ही नळ्यांवर, तेच. शेवटी कापताना उरलेली दोन बोटांची कडी ओळखीच्या कास्टिंगवाल्याच्या भट्टीत सुमारे ५५० अंशांवर ठेवली. रेझिन जळून गेले. बाहेर काढल्यावर काळ्या कापडाचा एक वेढा आणि त्याच्या आत पांढऱ्याशुभ्र कापडाचे सहा वेढे सुटे झाले. फोटो जोडले आहेत.

काचेची नळी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. मोठ्या रॉकेटांत ती सर्रास वापरतात, ती मजबूत असते आणि रेडिओला अडवत नाही. काच म्हणून विकली असती तर आम्ही काचेच्या भावात घेतली असती आणि ट्रान्समीटर होता तिथेच ठेवला असता. आमच्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी भलतीकडे विणलेला हलका माल तिच्या नावावर बाजारात बसतो. त्याने खऱ्या विणकराचे काय होते हे आम्ही रोज बघतो. आपल्याकडे प्रामाणिकपणे कार्बनच्या नळ्या वळणारे कारागीर असतीलच. वरचा एक थर दाखवून आत दुसरेच भरणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

यात धोकाही आहे. कार्बन धाग्याचा ताठपणा काचेच्या साधारण तिप्पट, २३० गिगापास्कलच्या समोर ७२. आमचे रॉकेट ध्वनीच्या वेगापासून बरेच दूर होते. पण याच नळ्या कार्बनचा ताठपणा गृहीत धरून कोणी त्या वेगाजवळ नेल्या तर त्याचा सगळा हिशेब चुकेल. म्हणून आमच्या पैशांपेक्षाही मला ही गोष्ट तातडीची वाटते: या मापाच्या नळ्या ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्या प्रत्येकाला आपण आठ दिवसांत लेखी कळवावे, आणि विक्रीच्या पानावर कार्बनचे थर किती, काचेचे किती हे स्पष्ट छापावे किंवा नळ्या विक्रीतून काढाव्यात.

आमचे १९,६०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. तीन आठवड्यांच्या श्रमाचा आणि कॅमेऱ्याचा मोबदला मी मागत नाही. नळ्या परत हव्या असतील तर आपल्या खर्चाने न्याव्यात, मात्र जळालेली कडी आणि सुटलेला पापुद्रा मी माझ्याकडे ठेवणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसवे वर्णन आणि सदोष माल यांबद्दलची तक्रार मला सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच दाखल करता येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ती मी करीन. कागद तयार आहेत.

आपल्या निर्मिती विभागातल्या कोणाला शंका असेल तर त्यांनी कारखान्यावर यावे. मल्टिमीटर, भिंग आणि दोन्ही नळ्या टेबलावर आहेत. रविवारी मुलीही असतात.

आपली ग्राहक,
सोलापूर