शेंडीवाली बस

रत्नागिरी, ९ मार्च

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, चिलीतल्या त्या वालपाराइसो बंदराहून आल्यावर बाबा एवढे गप्प का होते? गुडघा दुखतोय असं मी त्या दिवशी सांगितलं, कारण ते शेजारीच बसले होते. खरं कारण वेगळं आहे. ते फोनवर सांगताना मलाच रडू येईल, म्हणून लिहिते.

सान्तियागोहून बस दोनेक तासांत पोचली. सोतोमायोर चौकात १८७९ च्या लढाईत गेलेल्या नौसैनिकांचं मोठं स्मारक आहे, तिथे थोडा वेळ बसलो. समोर बंदर आणि पाठीमागे लगेच डोंगर. तो समुद्र उत्तरेला आहे. आपल्याला जन्मभर पश्चिमेचा समुद्र ठाऊक, त्यात दुपारी ऊनही उत्तरेकडून येत होतं आणि सावल्या दक्षिणेला. दिशा लागेपर्यंत मला अर्धा तास लागला.

पायऱ्या चढायच्या नाहीत असं तू बजावलं होतंस, म्हणून एल पेरालच्या उद्वाहनाने वर गेलो. उतारावर रूळ, त्यावर लाकडी खोली आणि एका दोराला दोन खोल्या. एक वर चढते तेव्हा दुसरी खाली येते. बाबांनी यंत्रघराच्या खिडकीतून वाकून वाकून बघितलं. "वजनाला वजन तोललंय बघ, मोटारीला फारसं ओढावंच लागत नाही," म्हणाले. अशी पहिली गाडी तिथे १८८३ साली सुरू झाली, आणि एकेकाळी गावात तीसेक होत्या.

वरची घरं बघून मला आपलं जुनं घर आठवलं. भिंतींना बाहेरून पन्हळी पत्रे ठोकलेले, फक्त ते निळे, पिवळे, लाल रंगवलेले. काही घरं फार देखणी आहेत, काहींचे पत्रे गंजून गेलेत. पूर्वी युरोपातून निघालेली जहाजं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून यायची आणि इथे थांबायची. त्या पैशावर हे गाव उभं राहिलं. १५ ऑगस्ट १९१४ ला पनामाचा कालवा खुला झाला आणि जहाजांना वळसा घालायचं कारण उरलं नाही. त्याआधी १९०६ चा भूकंप होऊन गेलेला. एवढ्या दोन घावांनंतरही लोकांनी गाव रंगवणं सोडलं नाही, हे मला मनापासून आवडलं. चीज भरलेली तळलेली एम्पानादा खाल्ली. आपल्या करंजीची मोठी बहीण म्हण.

तीनच्या सुमाराला खाली उतरलो आणि बाबा रस्त्यात थांबले. समोरून एक जुनी बस येत होती, हिरवी आणि साय रंगाची, गोल नाकाची. आवाज जवळजवळ नाही. टपावर दोन लांब दांडे, वर दोन तारांना टेकलेले.

"शेंडीवाली," बाबा म्हणाले. एवढंच.

तुला आठवतं ना, ते सांगायचे की लहानपणी मुंबईत ते तारेवर चालणाऱ्या बसमध्ये बसले होते, आणि तू म्हणायचीस, "बाबा, ती ट्राम असेल हो." मलाही तसंच वाटायचं. पण मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तेव्हा बाबा तीन वर्षांचे होते. त्यांना आठवते ती ट्रॉलीबस. १९६२ ते १९७१ बेस्टची ट्रॉलीबस गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी धावत होती. तुझे आजोबा डॉकमध्ये कामाला होते. शिमग्याला नि गणपतीला गावी येणार, बाकी वर्षभर मनीऑर्डर. एका मे महिन्यात त्यांनी बाबांना मुंबईला नेलं आणि त्या बसमधून शेवटच्या स्टॉपपर्यंत फिरवून आणलं. पुढच्या वर्षी आजोबा गेले. बाबांकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही. त्यांच्याबरोबरची एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीसुद्धा आपण दोघींनी खरी मानली नव्हती.

आम्ही चढलो. त्या गाड्या अमेरिकेत पुलमन कंपनीने बांधलेल्या, वालपाराइसोत ही सेवा १९५२ च्या अखेरीस सुरू झाली. बाबांनी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, पण त्या दिवशी त्यांनी इंजिनाबद्दल एक अक्षर काढलं नाही. एका वळणावर दांडा तारेवरून निसटला आणि गाडी थांबली. ड्रायव्हर उतरून मागे गेला, दोरी ओढून दांडा पुन्हा तारेला लावला. बाबा जागेवरून उठून मागच्या काचेपाशी गेले. तिथेच उभे राहून म्हणाले, "अप्पांनी मला खांद्यावर घेऊन हेच दाखवलं होतं." मग संसदेच्या इमारतीपर्यंत काही बोलले नाहीत. मी नुसता हात धरून बसले.

त्या मार्गावर आम्ही दोनदा जाऊन येऊन केलं. पाचची बस चुकली नव्हती बाळा, आम्ही ती सोडली. तू स्टँडवर काळजीत उभी होतीस, त्याबद्दल तेवढं माफ कर.

बाबांना यातलं काही विचारू नकोस. मात्र पुढच्या वेळी त्यांनी बसची गोष्ट काढली, तर ट्राम म्हणू नकोस.

गुडघा ठीक आहे. पार्सलमध्ये आमसुलं आणि कुळथाचं पीठ घातलंय. सुट्टीत तिकडे गेलीस तर मागच्या सीटवर बस, दोरी तिथूनच दिसते.

तुझी,
आई