सगळं खापर लेडी मॅकबेथवरच का?

संपादक महोदय,

शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाक्य ठरलेलं, बायकोनं बिघडवलं हो बिचाऱ्याला! ह्याच नाटकावर बेतलेल्या शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे मराठी प्रेक्षकालाही ही जोडी परकी नाही, म्हणून लिहितोय. तू राजा होशील हे चेटकिणींचं भाकीत ऐकल्याबरोबर राजा डंकनच्या खुनाचा विचार त्याच्याच डोक्यात येतो, तेव्हा बायको सीनमध्येसुद्धा नाही, तिला तर सगळं नंतर पत्रातून कळतं.

आता ती काही साधी नव्हे, हेही खरंच. तो सरळ म्हणतो की हे प्रकरण आता इथंच थांबवू, तर ती त्याची मर्दानगी काढते, पहारेकऱ्यांच्या दारूत गुंगीचं औषध ती घालते, आणि हा घाबरून खंजीर सोबतच घेऊन आला तर ते परत नेऊन ठेवून पहारेकऱ्यांना रक्त फासायलाही तीच जाते. डंकनच्या खुनात निम्मी भागीदार, नो डाऊट. (झोपलेला राजा वडिलांसारखा दिसला म्हणून स्वतः वार करवला नाही म्हणते, ते वेगळं.)

पण ह्यानं मारवलेल्या मित्राचं, बँकोचं काय? ती विचारते तर हा म्हणतो तुला न कळलेलंच बरं. विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफच्या बायकामुलांना मारायची ऑर्डरही ह्याचीच, तिचा त्यात हातच नाही आणि तरी झोपेत चालताना मॅकडफची बायको आठवून हात चोळत बसते ती हीच.

– एक नाट्यवेडा वाचक