गोळी कुणासाठी हवी आहे?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तासगाव तालुक्यातल्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. गरोदरपणात कोणती औषधं घ्यावीत यावर डॉक्टर मंडळी वेळोवेळी लिहितात. पण दुखण्याची गोळी दवाखान्यापेक्षा आमच्या काउंटरवरूनच जास्त जाते, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने हे पत्र.

आमच्याकडे बाई स्वतः क्वचित येते. येतो तो नवरा, दीर, नाहीतर शाळेतून परतणारा पुतण्या. "कंबरदुखीच्या दोन गोळ्या द्या." आम्ही कात्री उचलतो, पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो. चिठ्ठीशिवाय यातल्या बऱ्याच गोळ्या द्यायच्या नाहीत असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे आपले वाचक जाणतात. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं धड नावही राहत नाही आणि 'चिठ्ठीशिवाय नको' हे सांगणारी लाल रेघही. घरी सातव्या महिन्याची सून कंबर धरून बसली आहे, हे आम्हाला कळत नाही, कारण आम्ही विचारतच नाही.

मीही विचारत नव्हतो. एका ओळखीच्या गृहस्थांना आठवडाभर डायक्लोफिनॅक देत राहिलो आणि मग त्यांच्याकडून डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. गोळ्या कुणाच्या पोटात जात होत्या ते तेव्हा उमगलं. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. सोनोग्राफीत सगळं ठीक निघालं, पण तो अहवाल येईपर्यंत माझं दुकानात लक्ष नव्हतं.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास घेतात ते मेफेनॅमिक अ‍ॅसिड, ही सगळी एकाच घराण्यातली. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी पुढच्या महिन्यांत मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. या गोळ्यांनी बाळाची मूत्रपिंडं मंदावली की ते पाणी कमी होतं. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2020 मध्ये विसाव्या आठवड्यापासून त्या टाळायला सांगितलं. तिसाव्या आठवड्यानंतर आणखी एक धोका असतो. जन्मानंतर मिटायची बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी पोटातच आवळू लागते. त्याआधीच्या महिन्यांतही या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीतच.

"पॅरासिटामॉल चालतं ना?" असं विचारणारे बरेच भेटतात. चालतं, आणि डॉक्टर बहुधा तेच देतात. पण बाजारात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनची जोडगोळी मिळते, लोक तिलाच पॅरासिटामॉल समजतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही घेतल्या की नकळत मात्रा दुप्पट होते.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध स्वमग्नतेशी जोडला आणि ते आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही पोचलं. मग एक बाई अंगात सणसणून ताप असताना गोळी नको म्हणून बसली. ताप अंगावर काढणं बाळाला बाधतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. स्वीडनमध्ये सुमारे 24 लाख 80 हजार मुलांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध दिसला नाही. लागेल तेवढीच, कमीत कमी दिवस घ्यावी, एवढं पथ्य पुरे.

उलटी तऱ्हाही बघतो. दिवस गेल्याचं कळताच फिट्सची, थायरॉइडची, दम्याची औषधं घरच्या घरी बंद होतात. एका सासूबाईंनी तर 'पेनकिलर वाईट' असं ऐकून सुनेची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी बंद केली. रक्तदाबाचा धोका ओळखून डॉक्टरांनीच ती दिली होती!

आता मी प्रत्येकाला विचारतो, गोळी कुणासाठी? तरणी पोरं लाजतात, काही चिडून दुसऱ्या दुकानात जातात. माझ्या व्यवसायबंधूंनीही विचारायला लागावं, म्हणजे जायला दुसरं दुकान उरणार नाही. आणि अन्न व औषध प्रशासनाला विनंती, की औषधाचं नाव आणि 'गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये' हे मराठी वाक्य प्रत्येक गोळीच्या पाठीमागे छापायला कंपन्यांना भाग पाडावं. पट्टीच्या एका कोपऱ्यात छापलेलं आमच्या कात्रीतून वाचत नाही.

आपला,
एक औषधविक्रेता, जि. सांगली