परिवहन मंत्री साहेब, त्या सात खुर्च्यांत हवेवाला कुठंय?

माननीय परिवहन मंत्री साहेब, नमस्कार.

हवेवाला म्हणजे टायरमध्ये हवा भरणारा नाही हो, हवेतलं काय आपल्या छातीत जातं ते मोजणारा. मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का हे बघायला तुम्ही सात जणांची समिती नेमली, त्यात हा माणूस नाही, म्हणून हे पत्र.

मी चेंबूरचा. बाबांनी आयुष्यभर काळीपिवळी चालवली, त्यामुळे इंधन हा आमच्या घरात जेवतानाचा विषय. त्यांच्या पद्मिनी टॅक्सीला सीएनजी किट बसलं तेव्हा पहिली डिकी गेली, अख्खी सिलेंडरने खाल्ली, मग दादर स्टेशनवरून गावचे लोक बसले की त्यांची पोती, फणस, बॅगा सगळं वर कॅरियरवर दोरीने आवळायचं आणि रस्ताभर मान बाहेर काढून बघायचं की पडलं का काय. त्या वेळी हायकोर्टात धुरावरची केस चालू होती, त्यात कोर्टाने नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीचा रिपोर्ट २००० साली आला, टॅक्सीवाल्यांनी शिव्या घालत घालत गाड्या बदलल्या. पण फायदा झाला हे बाबाही मान्य करतात, खर्च कमी झाला आणि रात्री घरी आल्यावर रुमाल काळा निघायचा तो कमी झाला.

आता तुमच्या सरकारने २२ जानेवारी २०२५ ला सात जणांची समिती नेमली, मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का ते बघायला, तीन महिन्यांची मुदत देऊन. अध्यक्ष निवृत्त आयएएस अधिकारी. बाकी परिवहन आयुक्त, त्यांच्याच खात्याचे सहआयुक्त, ट्रॅफिक पोलीस, महानगर गॅस, महावितरण आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना. म्हणजे बघा, गॅस विकणारे आहेत, वीज विकणारे आहेत, गाड्या विकणारे आहेत. हवा मोजणारा एक नाही, छातीचा डॉक्टर एक नाही, गाडी चालवणारा तर नाहीच. तज्ज्ञ लागले तर सोबत घेता येतील अशी सोय ठेवलीय म्हणे, पण पंगतीत बसवणं वेगळं आणि लागलं तर हाक मारू म्हणणं वेगळं.

आणि तज्ज्ञ लांब शोधायला नकोत. पुण्यात पाषाणला हवामानावर संशोधन करणारी आयआयटीएम आहे, सफर हा हवेचा अंदाज त्यांचाच. वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय आहे, इंजिनातून काय निघतं ते मोजणं हेच त्यांचं रोजचं काम. पवईला आयआयटी आहे.

हे लोक का पाहिजेत ते सांगतो. सीएनजीचा धूर दिसत नाही म्हणून आपण त्याला साफ म्हणून मोकळे होतो. काजळी कमी असते हे खरंच आहे, पण दिल्ली-गुरुग्रामला रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या सेन्सरने मोजल्या त्याचे आकडे २०२४ मध्ये आले, त्यात सीएनजी टॅक्सींचे नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे छातीला त्रास देणारे वायू, लॅबमधल्या लिमिटच्या ४ पट आणि काही छोट्या टेम्पोंचे १४ पटीपर्यंत निघाले. आपली पीयूसी हे पकडतच नाही, पेट्रोल-सीएनजीला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघायचं की संपलं. ते तरी नीट बघतात का? मागच्या वेळी माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये नळी अर्धवट टेकवली, नंबर प्लेटचा फोटो काढला, प्रिंट हातात. इंजिन बंद होतं साहेब! आणि ब्रेकची, टायरची, खोदलेल्या रस्त्याची धूळ इलेक्ट्रिक गाडीमागेही उडतेच.

दिल्लीत सीएनजी आणली तेव्हा तज्ज्ञ उघड भांडले होते. सीएसई या पर्यावरण संस्थेचे अनिल अगरवाल सीएनजीच्या बाजूने, पचौरींची टेरी ही ऊर्जेवर संशोधन करणारी संस्था म्हणत होती की कमी गंधकाचं डिझेल चालेल, आणि आपले माशेलकर सर, त्यांच्या समितीचं म्हणणं असं की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कुठलं ते ठरवू नये. शेवटी सुप्रीम कोर्टाने सीएनजीच लावली आणि २००२ संपता संपता बस बदलल्या. कोण बरोबर यावर अजूनही वाद घालता येईल, पण कोण काय म्हणतंय ते पेपर वाचणाऱ्याला कळत होतं. मला स्वतःला माशेलकरांचं पटतं.

आपल्याकडे तर साधं गणितही कोणी मांडत नाही. बेस्टच्या एकेकाळी ४,००० च्या वर बस होत्या, आता ३,००० पण नाहीत, आणि मे २०२५ मध्ये ५ चं तिकीट १० झालं. स्टॉपवर पाऊण तास उभा राहिलेला माणूस शेवटी हप्त्यावर बाईक घेतो, मग ती कुठल्या इंधनावर चालते हा नंतरचा प्रश्न ना! नोव्हेंबर २०२५ ला गॅसची मुख्य पाइपलाइन डॅमेज झाली तेव्हा पंप बंद पडले आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा धंदा बसला, ते पण कुणीतरी हिशोबात धरायला हवं की नको.

मागणी छोटी आहे. हवेचा एक शास्त्रज्ञ, छातीचा एक डॉक्टर आणि एक ड्रायव्हर, तिघांना पक्के मेंबर करा, आणि रिपोर्ट मराठीत वेबसाइटवर टाका, कोण कशाला नाही म्हणालं त्या नोंदींसकट. ड्रायव्हर कुठून आणायचा असा प्रश्न पडला तर रात्री अकराला कुठल्याही सीएनजी पंपावर या, लाइनमध्ये पॅसेंजर सीट आडवी करून झोपलेले भरपूर मिळतील.

आपला,
काळीपिवळीवाल्याचा मुलगा, चेंबूर