कोळंबीचं डोकं

हर्णै

प्रिय गार्गी,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बंदरावर होते. लिलावाच्या गलक्यात तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. एवढं मात्र कळलं की कोळंबीच्या उपांगांच्या 19 जोड्या पाठ करून तू वैतागली आहेस, आणि डोक्याच्या 5 जोड्या तर तुला निव्वळ घोकंपट्टी वाटतात. हे मनाला लागलं, कारण त्या 5 जोड्यांइतकं रंजक त्या अभ्यासक्रमात दुसरं काही नाही. म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

कोळंबीचं डोकं वरून एकसंध दिसतं, पण ते एकामागे एक आलेल्या खंडांचं मिळून झालेलं आहे. अँटेन्यूल आणि अँटेना या मिशा, मँडिबल हा जबडा आणि त्यामागच्या दोन मॅक्झिला, प्रत्येक जोडी म्हणजे एकेका खंडाची खूण. वास घेणारी मिशी काय आणि घास चावणारा जबडा काय, मुळात दोन्ही पायांच्याच जातीची उपांगं. मग यांतला पहिला खंड कुठला? कीटकाच्या मिशीच्या जागी कोळ्याला काय असतं? यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे, आणि त्याची काही उत्तरं खडकांत सापडली.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत सापडलेल्या एका जीवाश्माला 1892 साली व्हाइटीव्हज या जीवाश्मतज्ज्ञांनी अ‍ॅनोमॅलोकॅरिस नाव दिलं. त्यांना ते कोळंबीसारख्या प्राण्याचं डोकं नसलेलं धड वाटलं. पुढे वॉलकॉट या दुसऱ्या तज्ज्ञांना त्याच भागात चकतीसारखं काहीतरी मिळालं, मध्ये भोक आणि कडेने पाकळ्या. 1911 मध्ये त्यांनी ती जेलीफिश ठरवली. 1985 मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवून दिलं की असं ‘धड’ म्हणजे एका मोठ्या शिकारी प्राण्याच्या डोक्यापुढची नांगी, आणि तसली ‘जेलीफिश’ म्हणजे त्याचं तोंड! ज्याला डोकं नाही म्हणून नोंद झाली होती, तो डोक्याचाच तुकडा निघाला. वर्गात हे सांगताना मला आजही भरून येतं. त्या माणसांनी हातातल्या तुकड्याकडे नीट पाहिलं होतं, फक्त बाकीचा प्राणी त्यांच्यासमोर नव्हता.

आपल्याकडे असलं काही मिळायचं नाही. सड्यावरच्या जांभ्याखालचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून आलेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. ही गोष्ट 50 कोटी वर्षांपलीकडची. त्या काळातले ट्रायलोबाइट, म्हणजे कोळंबीचेच दूरचे कवचधारी नातेवाईक, आपल्या देशात बघायचे तर थेट हिमालयात, स्पितीसारख्या ठिकाणी जायला हवं. पण नांगी, कवच टिकणं वेगळं आणि मेंदू टिकणं वेगळं. कोळंबी दुपारभर उन्हात राहिली तर डोकं आधी काळं पडतं, हे तू लहानपणापासून बघतेस. मग मेंदूसारखा मऊ भाग दगडात राहीलच कसा, असं बहुतेकांना वाटे. बारीक चिखलाखाली प्राणी झटकन गाडला गेला तर तोही राहतो. चीनमधल्या युन्नान प्रांतात चेंगजियांगला, सुमारे 51 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या खडकात, फुशियानहुइया नावाच्या प्राण्याच्या मेंदूचा काळसर ठसा मिळाला. ते 2012 मध्ये जाहीर झालं. हा ठसा खरंच मेंदूचा की कुजताना वाढलेल्या जिवाणूंचा, अशी शंका काहींनी घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. पण 2022 मध्ये कॅनडातल्याच स्टॅन्लेकॅरिसचे 268 नमुने अभ्यासले गेले, आणि त्यांतल्या 84 मध्ये मेंदू आणि नसा दिसल्या. इतक्या नमुन्यांत दिसल्यावर माझी तरी शंका फिटली.

हा स्टॅन्लेकॅरिस अ‍ॅनोमॅलोकॅरिसचाच भाऊबंद. तीन डोळे, आणि मेंदू दोनच खंडांचा, पुढचा डोळ्यांना जोडलेला, मागचा नांग्यांना. कोळंबीचा मेंदू तीन खंडांचा असतो. म्हणजे तिसरा खंड नंतर कधीतरी मेंदूत सामील झाला असावा.

कोळ्याचंही सांगते. त्याला मिशा नसतात, म्हणून त्याचा तो खंडच गळून गेला असं पूर्वी मानत. 1998 मध्ये भ्रूणातल्या जनुकांवरून कळलं की खंड जागेवरच आहे, मिशीच्या जागी त्याचे विषारी दात आहेत. न्हाणीघरातला कोळी दिसला की आता किंचाळण्याआधी एवढं आठव.

आता तुझ्या पुस्तकात न मोजलेली गोष्ट. कोळंबी उताणी ठेव आणि भिंगाखाली तोंडाशी बघ. दोन मँडिबलच्या पुढून, तोंडावर झुकलेली एक मांसल पाळी असते, सुईने उचलली की वर येते. ती लेब्रम. 19 जोड्यांत ती नाही, कारण ती एकटी दिसते. पण कितीतरी संधिपादांच्या, म्हणजे कोळंबी, कीटक, कोळी अशा सांध्यांच्या पायांच्या प्राण्यांच्या, भ्रूणात ती दोन कोंबांनी सुरू होते, एखाद्या उपांगाच्या जोडीसारखी. 2014 मध्ये चीनमधल्या लायरारापॅक्स या अ‍ॅनोमॅलोकॅरिसच्याच भाऊबंदाच्या जीवाश्मावरून काही संशोधकांनी मांडलं की त्या जुन्या शिकाऱ्यांच्या नांग्या मेंदूच्या अगदी पहिल्या खंडाच्या होत्या. तसं असेल तर त्याच आखडून, जुळून आपल्या कोळंबीच्या तोंडावरची ही पाळी झाली असतील. पण स्टॅन्लेकॅरिसच्या नांग्या दुसऱ्या खंडाला जोडलेल्या दिसतात, म्हणजे मिशीच्या आणि कोळ्याच्या विषारी दातांच्या रांगेत. दोन्ही एकदम खरं कसं असेल? अजून निकाल लागलेला नाही. मला दुसरी बाजू पटते, कारण तिच्यामागे नमुने जास्त आहेत. तू वाचून तुझं मत कळव.

तेव्हा प्रॅक्टिकलला उपांगं सोडवताना ती पाळी घाईत फाडून टाकू नकोस. आधी तिचं चित्र काढ आणि मग मँडिबलला हात लाव.

आगळाची बाटली आणि थोडी सुकी कोळंबी बाबांबरोबर पाठवते आहे. भिंगही देते, माझं जुनंच आहे पण काच स्वच्छ आहे.

तुझी,
आई