यादी पाठवतेय, पण आधी बाळूचं बघा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर परत विचारलंत, "तुझे पेपर किती झाले?" छापून आलेले शोधनिबंध अकरा. यादी सोबत आहे. पण शेजारच्या काकांना दाखवण्याआधी एक ऐका. त्यातल्या तीनवरच माझं नाव पहिलं आहे. आमच्याकडे पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं प्रमुखाचं, मधली हातभार लावणाऱ्यांची. एका पेपरात मी पहिल्यावरून चौथी कशी झाले, ते भेटल्यावर सांगेन, कागदावर नको. पाळीत किती चादरी निघाल्या ते मालक मोजायचा, पण तुम्ही आधी चादर उलटी करून सुटलेले धागे बघायचात ना? यादीची उलटी बाजू ही अशी.

त्यातले दोन पेपर तर एकेका पेशंटचेच आहेत. त्यांना कमी समजू नका हं. १८९६ साली पॅरिसच्या मार्फान डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या लांबसडक बोटांबद्दल लिहिलं, तीही एकटीच होती. (गंमत म्हणजे तिला बहुधा दुसराच आजार होता, असं आता मानतात. लांब बोटांच्या आजाराला नाव मात्र मार्फानचंच राहिलं.) त्यामागचं जनुक सापडायला १९९१ साल उजाडलं.

आई, तू विचारलं होतंस, सांध्यांचा आणि मेंदूचा काय संबंध. अगं, शरीर बांधून ठेवणारे धागे सगळीकडे असतात, सांध्यात, डोळ्याच्या भिंगाभोवती, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत. मेंदू आणि मज्जारज्जूवरचं आवरणही त्यांचंच. मार्फानसारख्या आजारात धागा कच्चा असला की कमरेपाशी ते आवरण फुगतं. कंबर धरते. कधी त्यातून पाणी झिरपतं, मग उभं राहिलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. माझं बरंचसं काम एवढ्याभोवतीच फिरतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. गड्ड्याच्या जत्रेला आले होते तेव्हा मामीकडे बाळू समोर बसून शेंगाचटणी भाकरीवर पसरत होता. सतरा वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, जाड भिंगाचा चष्मा. मी सहज म्हटलं, अंगठा आत घालून मूठ मिट बरं. करंगळीच्या बाजूने अंगठ्याचं अख्खं नख बाहेर आलं. दुसऱ्या हाताचंही तसंच. मग त्याने आपलं मनगट पकडून दाखवलं, तर अंगठा करंगळीच्या नखावर चढला. त्याला जादू वाटली. माझ्या घशाखाली घास उतरेना. कंबरदुखीचं मामी म्हणाली, "तालमीत जातो ना, म्हणून."

बाळूचा बाप, आपला दत्तामामा आठव. चौतिसाव्या वर्षी, दुपारी छातीत-पाठीत फाडल्यासारखं दुखतंय म्हणाला आणि दिवेलागणीला गेला. आपण ॲटॅक म्हणतो. त्याचीही बोटं अशीच होती. मार्फान असेलच असं मी म्हणत नाही. पण हा आजार बापाकडून प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी असते, आणि ती मोठी नळी हळूहळू रुंद होत जाऊन एक दिवस फाटते. १९७२ च्या एका पेपरात या पेशंटच्या मृत्यूचं सरासरी वय ३२ दिलंय. आता वेळेत कळलं, गोळ्या सुरू झाल्या, लागलं तर ऑपरेशन झालं, तर माणसं सत्तरीपर्यंत जातात.

म्हणून, बाबा, बाळूला तालीम आणि वजनं उचलणं तुम्हीच बंद करायला सांगा. तो तुमचंच ऐकतो. आई, मामीशी तू बोल. 'आजार' म्हणू नकोस, 'तपासणी' म्हण, नाहीतर ती घराण्याचा दोष काढून रडत बसेल. हृदयाची टूडी एको आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंग सरकलंय का ते बघणं, एवढंच आधी. सिव्हिलला करा नाहीतर खासगीत, पण या आठवड्यातच. मध्येच छातीत किंवा पाठीत जोरात दुखलं तर माझ्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघतेय. शनिवारी सकाळची वेळ घेऊन ठेवलीत तर मीच त्याला घेऊन जाईन. यादी तोवर कपाटातच असू दे.

तुमची,
सुमा